प्रकाशनपूर्व सवलतीचे टपाल : अक्षरे आणि रंग कसे निवडावेत

ग्रंथ बाजारात येण्यापूर्वीच त्याची मागणी नोंदवून घेण्याची पद्धत मराठी प्रकाशकांमध्ये जुनी आहे. ‘प्रकाशनपूर्व सवलत’ असा मथळा असलेले पत्रक ग्रंथालयांना, महाविद्यालयांना आणि यादीतील जुन्या वाचकांना टपालाने जाते, आणि त्यावर किती जण पैसे पाठवतात हे पाहून पहिली आवृत्ती किती प्रतींची काढायची याचा अंदाज छोटा प्रकाशक बांधतो. अशी पत्रके मी बरीच वर्षे तयार करत आलो आहे. ग्रंथ मोलाचा, सवलत भरघोस, मजकूरही नेटका, आणि तरीही पत्रक वाचलेच गेले नाही, असे घडताना मी पाहिले आहे. अशा बहुतेक वेळी दोष अक्षरांच्या मांडणीत आणि रंगांच्या गर्दीत होता. त्यामुळे अशाच एका पत्रकाचे काम पहिल्यापासून टपालपेटीपर्यंत कसे न्यावे, हे येथे सांगतो.

उदाहरणासाठी समजा, सहाशे पानांचा एक संदर्भग्रंथ आहे. छापील किंमत ९०० रुपये, सवलतीत ६०० रुपये, आणि मागणी नोंदवण्यासाठी महिन्याभराची मुदत आहे.

वाचणाऱ्याचा प्रश्न आधी

ग्रंथपालाच्या टेबलावर टपालाचा गठ्ठा पडलेला असतो आणि तो एकेक पाकीट फोडत असतो. निवृत्त शिक्षक दारातच, चष्मा घरात ठेवून, पत्रक हातभर अंतरावर धरून पाहतात. या दोघांनाही पहिल्या दृष्टिक्षेपात तीनच गोष्टी हव्या असतात : कोणता ग्रंथ, किती रुपयांत आणि कोणत्या तारखेपर्यंत. पैसे कसे पाठवायचे हा चौथा प्रश्न, आणि तो पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पटल्यावरच पडतो. लेखकाचा परिचय, अनुक्रमणिकेचा सारांश आणि संपादकाचे निवेदन यांची पाळी त्यानंतर येते.

संगणक सुरू करण्याआधी हा क्रम कागदावर लिहून काढावा आणि प्रकाशकाकडून त्यावर होकार घ्यावा. प्रकाशकाला सर्वच गोष्टी ठळक हव्या असतात, ‘ग्रंथाचे नावही मोठे करा, लेखकाचेही करा, सवलतही करा’ असे तो मनापासून सांगतो, आणि त्या क्षणी लिहून ठेवलेला क्रम दाखवता आला तर पुढचा वाद टळतो.

पहिला आराखडा फक्त काळ्या रंगात

रोमन लिपीत कॅपिटल अक्षरे असतात, तिरप्या वळणाचीही पक्की परंपरा आहे. त्यामुळे एकाच आकाराच्या मजकुरातही एखादा शब्द उठून दिसतो. देवनागरीत मोठ्या-लहान लिपीचा भेद नाही, आणि तिरपी केलेली देवनागरी बहुतेक वेळा संगणकाने ओढून वाकवलेली असते. मराठी पत्रकात श्रेष्ठ-कनिष्ठता दाखवण्याची साधने म्हणून तीनच उरतात : अक्षराचा आकार, अक्षराची जाडी आणि भोवतीची मोकळी जागा. रंग हे चौथे साधन आहे आणि ते अखेरीस वापरायचे आहे.

म्हणून पहिला आराखडा पांढऱ्यावर काळ्यानेच करावा. ए-४ पत्रकासाठी मी साधारण तीन आकार ठरवतो : ग्रंथाच्या नावासाठी ३२ ते ३६ पॉइंट, किंमत आणि मुदत यांसाठी १८ ते २०, आणि मजकुरासाठी १२ किंवा १३. आकारांमधला फरक ढोबळपणे दीडपटीहून कमी असू नये, कारण १४ आणि १६ पॉइंटमधला भेद करणाऱ्याला दिसतो, वाचणाऱ्याला दिसत नाही. आराखडा छापून भिंतीला लावावा, सहा-सात पावले मागे जावे आणि डोळे किलकिले करून पाहावे. ग्रंथाचे नाव, ६०० हा आकडा आणि तारीख असे तीन काळे पुंजके वेगवेगळे दिसले, तर मांडणी उभी राहिली असे समजावे. सगळे पत्रक एकसारखे करडे दिसले, तर कोणताही रंग त्याला पुढे तारणार नाही.

वळण निवडताना

वळण म्हणजे अक्षरांचा घाट, संगणकाच्या भाषेत फॉण्ट. यादीत फॉण्टचे नाव कसे दिसते यावरून निवड करू नये. माझ्याकडे परीक्षेसाठी शब्दांची एक चिठ्ठी आहे : वाऱ्यावर, तऱ्हा, उद्ध्वस्त, सुट्टी, द्वितीय, श्रीमंत, ज्ञान, क्लिष्ट, रूढ, पुनर्मुद्रण, शाल. ‘वाऱ्यावर’मधला अर्धा ऱ अनेक हिंदीकेंद्रित फॉण्टमध्ये नीट जुळत नाही आणि त्याच्या जागी रफार येऊन ‘वार्यावर’ असे भलतेच दिसू लागते. ‘शाल’ या शब्दात मराठी वळण ओळखता येते. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने देठाचा श आणि पाकळीचा ल ही मराठीची रूपे म्हणून ठरवली आहेत. अनेक फॉण्टमध्ये मात्र आधी हिंदी रूपे उमटतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवल्यावरच मराठी रूपे येतात. ही नोंद करायला एक मिनिट लागत नाही. मराठी ग्रंथाच्या पत्रकावर हिंदी ल उमटलेला पाहून वाचक नेमका दोष सांगू शकणार नाही, पण काहीतरी परके आहे हे त्याला जाणवते, आणि ज्या पत्रकाने विश्वास मिळवायचा त्याला हे परकेपण परवडत नाही.

मोफत मिळणाऱ्या युनिकोड फॉण्टमध्ये, म्हणजे कोणत्याही यंत्रावर अक्षरे तीच राहतात अशा सामायिक पद्धतीच्या फॉण्टमध्ये, मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ मजकुरासाठी चांगला चालतो, कारण त्यात बारीकपासून अतिठळकपर्यंत अनेक जाड्या आहेत आणि एकाच कुटुंबातून मथळा व मजकूर दोन्ही भागवता येतात. ग्रंथाला पारंपरिक, पुस्तकी चेहरा द्यायचा असेल तर टिरो देवनागरी मराठी पाहावा. राज्य मराठी विकास संस्थेने उपलब्ध करून दिलेला यशोमुद्राही मराठीच्या गरजा समोर ठेवून घडवलेला आहे. मंगल हा फॉण्ट र. कृ. जोशी यांनी संगणकाच्या पडद्यासाठी रेखाटला; पडद्यावर त्याने केलेली सेवा मोठी आहे, पण केवळ संगणकात आयता सापडतो म्हणून तो छापील पत्रकात वापरणे हा त्या रेखाटनावरही अन्याय आहे.

जुन्या छापखान्यांत अद्याप युनिकोडपूर्व फॉण्टमध्ये काम चालते. त्यात वाईट काही नाही, त्यांतील काही वळणे फार देखणी आहेत. मात्र तोच मजकूर ई-मेलने किंवा व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर तो दुसऱ्या यंत्रावर निरर्थक चिन्हे बनून उघडतो. युनिकोड वापरताना वेगळी काळजी घ्यावी लागते. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्या जुळवणारी सोय चालू नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहतात. एकदा एका मोठ्या अक्षरी मथळ्यात ‘किंमत’ या शब्दाची वेलांटी अशीच घसरलेली होती. दोघांनी प्रूफ तपासूनही ती सुटली, कारण दोघेही बारीक मजकूर वाचण्यात गुंतले होते. तेव्हापासून मथळे मी शेवटी, स्वतंत्रपणे, मोठ्याने वाचतो.

एका पत्रकात दोनपेक्षा अधिक वळणे नकोत. सुलेखनाच्या धाटणीचे वळण ग्रंथाच्या नावाला शोभते. किंमत, मुदत आणि पत्ता त्यात लिहू नयेत.

शिरोरेषेच्या वर आणि खाली

माझ्या मते मराठी पत्रकाचे यश सर्वाधिक कशावर अवलंबून असेल तर ते दोन ओळींमधल्या अंतरावर. देवनागरी अक्षर शिरोरेषेपासून खाली लोंबते. तिच्यावर मात्रा, रफार, अनुस्वार आणि वेलांटीचा माथा, तर अक्षराच्या पायाशी उकार आणि काही जोडाक्षरांचा दुसरा मजला असतो. रोमन मजकुरासाठी ठरवलेले अंतर तसेच ठेवले, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो आणि वाचणाऱ्याची नजर ओळ चुकते. १२ पॉइंटच्या मजकुराला १७ ते १८ पॉइंटची ओळ द्यावी, म्हणजे आकाराच्या सुमारे दीडपट. मथळा दोन ओळींचा असेल तर त्याला प्रमाणाने कमी अंतर चालते, पण तेथेही वरच्या ओळीतला ‘कृ’ किंवा ‘पू’ खालच्या ओळीतल्या ‘र्थी’वर आदळत नाही हे डोळ्यांनी पाहून घ्यावे, गरज पडल्यास ओळ दुसऱ्या शब्दावर तोडावी.

दुसरे असे की, एकाच पॉइंटात देवनागरी रोमनपेक्षा लहान दिसते, कारण ठरलेल्या उंचीतला मोठा वाटा वरच्या-खालच्या चिन्हांना द्यावा लागतो. इंग्रजी पत्रकात १० पॉइंट पुरतो म्हणून मराठीत तोच ठेवणे चुकीचे आहे. वयस्कर वाचकांची यादी असेल तर मी १३ च्या खाली जात नाही. त्यापायी लेखकपरिचयाच्या चार ओळी कापाव्या लागल्या तर खुशाल कापाव्यात.

शब्दांतील अक्षरे कधीही विरळ करू नयेत; त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द शब्द राहत नाही. जागेत बसवण्यासाठी अक्षरे आडवी ओढणे किंवा दाबणेही तितकेच वाईट, कारण त्यात उभ्या-आडव्या रेघांच्या जाडीचे नाते बिघडते. ठळक जाडी फॉण्टमध्ये नसताना संगणकाकडून कृत्रिम ठळकपणा आणला तर घ आणि ध, भ आणि म यांच्या पोकळ्या बुजतात. ओळी दोन्ही कडांना भिडवण्याचा मोहही टाळावा. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, ‘ग्रंथालयांसाठीसुद्धा’ यासारखा शब्द अर्धी ओळ व्यापतो, आणि उरलेल्या शब्दांमध्ये खिंडारे पडतात. मजकूर डावीकडून सरळ ठेवावा आणि ओळीत आठ ते दहा शब्द बसतील इतकीच रुंदी घ्यावी.

आकड्यांबद्दल एक आग्रह धरतो. देवनागरी ४ हा इंग्रजी आठसारखा आणि १ हा इंग्रजी नऊसारखा दिसू शकतो. किंमत देवनागरीत आणि दूरध्वनी इंग्रजी आकड्यांत अशी सरमिसळ एकाच चौकटीत केली, तर चुकीचा क्रमांक फिरवला जाण्याची शक्यता राहते. ग्रंथाचे नाव, किंमत आणि तारीख देवनागरी आकड्यांत शोभून दिसतात. बँकेचे खाते, मोबाइल आणि यूपीआय यांची चौकट वेगळी काढून तेथे सर्व आकडे इंग्रजी ठेवावेत.

रंग एकच, आणि तोही एका कामासाठी

काळा आराखडा पक्का झाल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारावा : या पत्रकात वाचकाची नजर एकाच ठिकाणी थांबवायची असेल तर कोठे? आपल्या उदाहरणात उत्तर ‘६०० रुपये, या तारखेपर्यंत’ हे आहे. रंग तेथे द्यावा. फार तर मागणीपत्राच्या चौकटीला त्याच रंगाची फिकट छटा द्यावी, म्हणजे वरून नजर थांबली तेथून खाली भरायच्या जागेपर्यंत वाट तयार होते. मथळा लाल, उपमथळा निळा, किंमत हिरवी आणि पार्श्वभूमी पिवळी असे केल्यास चारही रंग एकमेकांचा आवाज दाबतात.

कोणता रंग वाचता येईल याचे मोजमाप करता येते. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाच्या गुणोत्तराला तफावत म्हणू. पांढऱ्यावर काळ्याची तफावत २१ ला १ असते, आणि संकेतस्थळांच्या सुगम्यतेसाठी जगभर मानल्या जाणाऱ्या नियमावलीत साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ ला १ इतकी तफावत मागितली आहे. पडद्यावरचा शुद्ध लाल पांढऱ्यावर सुमारे ४ ला १ एवढाच भरतो, म्हणजे १२ पॉइंटचा मजकूर लालात छापणे या निकषातही बसत नाही. पांढऱ्यावर पिवळा १.०७ ला १, म्हणजे जवळजवळ अदृश्य. याउलट पिवळ्यावर काळा १९ च्या पुढे जातो. हे आकडे पडद्यासाठी मोजलेले असले तरी कागदासाठीही दिशा तीच आहे : लाल हवा असेल तर थोडा गडद, कुंकवाकडे झुकणारा घ्यावा आणि तो मोठ्या, ठळक अक्षरांनाच द्यावा, पिवळा अक्षराला कधीही देऊ नये, पट्ट्याला द्यावा.

लाल आणि हिरवा यांतला फरक काही वाचकांना दिसत नाही. ‘जुनी किंमत लाल, नवी हिरवी’ ही युक्ती त्यांच्यासाठी निरुपयोगी ठरते. जुन्या किमतीवर आडवी रेघ आणि नवी किंमत दुप्पट मोठी, एवढे केले की रंगाशिवायही अर्थ पोहोचतो.

रंगांना आपल्याकडे अर्थ चिकटलेले आहेत, त्यांचाही विचार व्हावा. लाल-पिवळ्याची जोडी हळद-कुंकवाची आठवण देते, आणि पाकीट तसे असेल तर वाचक ते लग्नपत्रिका समजून उघडतो. दिवाळी अंकाच्या किंवा धार्मिक ग्रंथाच्या पत्रकाला ती ऊब उपयोगी पडते, कायद्याच्या कोशाला नाही. जाड काळी चौकट वृत्तपत्रातील निधनवार्तेची असते, म्हणून सवलतीच्या मजकुराभोवती ती घालू नये, मग ती कितीही देखणी दिसो. निवडणुकीच्या दिवसांत भगवा, निळा, हिरवा यांचे मोठे पट्टे असलेले पत्रक प्रचाराचे समजून बाजूला ठेवले जाते. काळ्याबद्दलचा संकोच मात्र सरसकट मानू नये. संक्रांतीला काळी साडी हौसेने नेसली जाते, आणि कवितासंग्रहाच्या पत्रकावर काळ्या पार्श्वभूमीचा उपयोग मी समाधानाने केलेला आहे.

छापखान्यात

छपाईत प्रत्येक शाईची प्लेट, म्हणजे छापण्याचा पत्रा, वेगळी असते; काळा मजकूर केवळ काळ्या शाईच्या प्लेटवर जातो आहे याची खात्री करून घ्यावी. संगणकातला ‘काळा’ पुष्कळदा चारही शाया मिळून बनलेला असतो. ऑफसेटवर चार प्लेटी केसभर जरी सरकल्या तरी अनुस्वाराला निळसर-गुलाबी सावली येते आणि बारीक मात्रा दुहेरी दिसतात. टिंबाएवढ्या खुणेवर जेथे अर्थ बदलतो त्या लिपीत ही चूक रोमनपेक्षा महाग पडते. याच कारणाने दोन रंगांचे काम, म्हणजे काळा आणि एक तयार खास शाई, मला चार रंगांच्या कामापेक्षा अधिक आवडते : अक्षरे स्वच्छ येतात आणि दोनच प्लेटी लागतात.

गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे काढायची असतील तर ती मध्यम जाडीची आणि १४ पॉइंटच्या वरची असावीत, कारण शाई कडांतून आत पसरते आणि बारीक रेघा गिळते. मॅपलिथो, म्हणजे लेप नसलेला साधा कागद, शाई शोषतो, त्यावर रंग बसके आणि गडद दिसतात. लेप दिलेल्या गुळगुळीत आर्ट पेपरवर ते चमकदार येतात, पण ट्यूबलाइटखाली कागदच चमकतो आणि वाचकाला पत्रक तिरपे करावे लागते. मजकूर जास्त असलेल्या पत्रकासाठी ९० ग्रॅमचा (म्हणजे चौरस मीटरला ९० ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो माझी पहिली पसंती आहे. ए-४ आकाराचा असा एक कागद सुमारे साडेपाच ग्रॅम भरतो, तर १७० ग्रॅमचा आर्ट पेपर साडेदहाच्या वर जातो, आणि टपालाचा दर वजनाच्या टप्प्यांनी वाढत असल्याने हजारो प्रतींत हा फरक खर्चात उतरतो. रंगाचे प्रूफ त्याच कागदावर मागावे.

तीन घड्यांचे पत्रक असेल तर आत दुमडणारा भाग थोडा अरुंद हवा : २९७ मिलिमीटरचे १००, १०० आणि ९७ असे भाग करावेत. घडीच्या रेषेवर गडद रंगाचा सपाट पट्टा येऊ देऊ नये, तेथे शाई तडकून पांढरी रेघ उमटते. क्यूआर कोड पांढऱ्यावर काळाच ठेवावा, किमान दोन सेंटिमीटरचा, आणि त्याच्या भोवती त्यातील चार चौकोनांएवढी कोरी जागा सोडावी. मागणीपत्रातील रेघांमध्ये आठ-नऊ मिलिमीटर अंतर असावे. हाताने मराठी लिहिणाऱ्यालाही मात्रा-उकारांसाठी जागा लागते.

पत्त्याची बाजू

ही बाजू सजवण्याची हौस आवरावी. पत्ता, तिकीट आणि शिक्का यांची जागा पांढरी किंवा अगदी फिकट ठेवावी आणि तेथे चकचकीत लेप देऊ नये, कारण त्यावर शिक्क्याची शाई पुसली जाते आणि बॉलपेन घसरते. पोस्टकार्डावर एकूण जागाच १४ बाय ९ सेंटिमीटर असते, म्हणून तेथे पत्त्याशेजारी ग्रंथाचे नाव आणि मुदत एवढेच घ्यावे. पिनकोड ही टपालखात्यात काम करणाऱ्या श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाची योजना, १५ ऑगस्ट १९७२ पासून ती लागू आहे. ते सहा आकडे पत्त्यात सर्वांत सुटे, स्पष्ट आणि काळे दिसले पाहिजेत. न पोहोचलेले टपाल परत येण्यासाठी प्रकाशकाचा पत्ता लहान आकारात वेगळ्या कोपऱ्यात द्यावा, नाहीतर वर्गवारी करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दोन पत्ते एकाच जोराने येतात.

छपाईची ऑर्डर देण्यापूर्वी प्रूफच्या पाच-सहा प्रती घडी घालून, पत्ता लिहून, खरोखर टपालाने पाठवाव्यात : एक स्वतःला, एक परगावच्या स्नेह्याला, एक साठी ओलांडलेल्या एखाद्या वाचकाला. त्या घासून येतात, घडीवर विटतात, कधी पावसाचा थेंब झेलून येतात, आणि मग लाल किती उरला, बारीक अक्षरे कोठे बुजली हे दिसते. ज्येष्ठ वाचकाकडे स्वतः जावे, पत्रक त्यांच्या हाती असताना काहीही समजावून सांगू नये, आणि एवढेच विचारावे की पैसे कधीपर्यंत पाठवायचे आहेत. त्यांचे बोट तारखेवर जाण्याआधी दुसरीकडे कोठे फिरले ते लक्षात ठेवावे, आणि परत येऊन त्या जागेचा रंग काढून टाकावा.